कॅमेरा जोडला, पण कंप्युटरवर फोटो दिसत नाहीत: आधी केबल, मग मोड, ड्रायव्हर सगळ्यात शेवटी

तक्रार नेहमीची. गेल्या महिन्यात याच कॅमेऱ्यातून याच लॅपटॉपवर फोटो उतरवले होते, आज केबल लावली तर काहीच होत नाही. किंवा कॅमेऱ्यावर चार्जिंगची खूण येते, पण 'धिस पीसी' उघडून पाहिलं तर कॅमेऱ्याचा पत्ता नाही. अशा वेळी बहुतेक जण थेट ड्रायव्हर (उपकरणाशी बोलायला कंप्युटरला लागणारा छोटा प्रोग्राम) शोधायला धावतात आणि नेटवरून कुठलंतरी 'ड्रायव्हर अपडेटर' उतरवून बसतात. ते करू नका. कॅमेऱ्यातून फोटो घेण्यापुरता ड्रायव्हर विंडोजमध्ये एक्सपीच्या काळापासून आधीच बसवलेला असतो. तो बिघडतो, नाही असं नाही, पण केबल आणि कॅमेऱ्यातलं सेटिंग यांच्या मानाने फार क्वचित.

आधी कान द्या

लॅपटॉपचा आवाज मोठा करा, कॅमेरा बंद ठेवून केबल दोन्हीकडे नीट बसवा आणि मग कॅमेरा चालू करा. काही छोट्या कॅमेऱ्यांत, विशेषतः कॅननच्या पॉवरशॉट मालिकेत, नुसतं चालू करून भागत नाही. फोटो बघण्याचं त्रिकोणी बटण दाबावं लागतं.

'टुडुंग' असा जोडणीचा आवाज आलाच नाही, तर कंप्युटरला काही जोडलंय हेच कळलेलं नाही. दोष केबलमध्ये, पोर्टमध्ये किंवा कॅमेऱ्याच्या जॅकमध्ये आहे. इथे ड्रायव्हरशी खेळणं व्यर्थ. आवाज आला आणि पाठोपाठ 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' असा निरोप आला, तर तारा जुळल्यात पण बोलणं होत नाहीये. यातही केबल आणि पोर्टच संशयित. आवाज नीट आला, निरोप काही नाही आणि तरी फोटो नाहीत, तरच मोड, दुसरं एखादं सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर यांच्याकडे वळा.

आवाजावर भरवसा नसेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा आणि ते समोर ठेवून केबल काढा-घाला. प्रत्येक वेळी यादी क्षणभर लुकलुकून नव्याने भरली, तर कंप्युटरला कॅमेरा 'जाणवतोय'. यादी ढिम्म राहिली तर नाही.

केबल: दहातल्या निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात

यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा लागतात. लाल तारेत ५ व्होल्ट, काळी परतीची, आणि पांढरी व हिरवी या माहिती नेणाऱ्या. स्वस्त पॉवर बँक, ट्रिमर, ब्लूटूथ स्पीकर यांच्यासोबत येणाऱ्या अनेक केबलींत लाल आणि काळी एवढ्या दोनच तारा असतात. अशा केबलने कॅमेरा चार्ज होईल, दिवाही लागेल, पण फोटो येणं शक्यच नाही. बाहेरून दोन्ही केबली हुबेहूब सारख्या दिसतात, म्हणून हा घोळ पुन्हा पुन्हा होतो: घरातल्या ड्रॉवरमधून एकदा ही केबल हाताला लागते, एकदा ती. 'गेल्या महिन्यात चाललं होतं' या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं.

तपासायचं सोपं आहे. केबल मायक्रो यूएसबी किंवा टाइप सी असेल तर तिने अँड्रॉइड फोन कंप्युटरला जोडा. फोनच्या यूएसबी सेटिंगमध्ये 'फाइल ट्रान्सफर' निवडता आलं आणि फोनचं फोल्डर कंप्युटरवर उघडलं, तर केबल चांगली. फोन नुसता चार्ज होत राहिला तर ती केबल चार्जरपुरतीच. चांगल्या केबलला चिकटपट्टी लावून 'कॅमेरा' असं लिहून ठेवा आणि ती कॅमेऱ्याच्या बॅगेतच राहू द्या.

जॅक सगळ्यांचे सारखे नसतात. कॅननच्या १२००डी, १३००डी, ७००डी, २००डी, ८०डी यांना जुना, जाडसर मिनी-बी जॅक आहे. तो आता फोनला येत नाही, त्यामुळे केबल हरवली की शोधाशोध होते, पण मिळते. निकॉन डी३२००, डी५२००, डी५३०० यांचा जॅक आठ पिनांचा आणि चपटा. त्यात फोनची कुठलीही केबल बसत नाही आणि बळजबरी केली तर पिना आत वाकतात. दुकानात 'यूसी-ई६ केबल' असं नाव सांगा. डी३४००, डी३५००, डी५६०० यांना मात्र साधी मायक्रो यूएसबी चालते. कॅनन ५डी मार्क ४, ७डी मार्क २, निकॉन डी८१०, डी८५० यांना यूएसबी ३ चा रुंद, दोन भागांचा जॅक आहे. त्याची मूळ केबल जवळ नसेल तर त्याच्या मोठ्या भागात फोनची साधी मायक्रो यूएसबी केबल सरळ बसते. वेग यूएसबी २ चा मिळतो, पण काम होतं. ही सोय बऱ्याच जणांना माहीत नसते आणि ते उगाच खास केबलची वाट पाहत बसतात.

केबल ठीक असूनही जोडणी येते-जाते? कॅमेरा टेबलावर सपाट ठेवा आणि प्लग बोटाने किंचित हलवा. हलवताना जोडणी-तोडणीचे आवाज आले तर जॅक बोर्डवरून सैल झालाय. कॅमेरा मांडीवर ठेवून केबल लोंबत राहिली की हळूहळू असं होतं. जॅक बदलून मिळतो, पण फोटो उतरवण्याखेरीज त्या जॅकचं तुम्हाला काही काम नसेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका, कार्ड रीडर घ्या.

पोर्ट आणि वीज

डेस्कटॉप असेल तर समोरचं पोर्ट सोडा, मागचं वापरा. समोरचं पोर्ट कॅबिनेटमधल्या एका लांब वायरने बोर्डाला जोडलेलं असतं आणि ती वायर किंवा तिचं टोक सैल असलं की माऊस चालतो पण कॅमेरा तुटत राहतो. लॅपटॉपला हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारा डबा) लावलेला असेल तर तो काढून कॅमेरा थेट जोडा. यूएसबी २ च्या केबलची मर्यादा ५ मीटर. दोन-तीन केबली एकमेकींना जोडून लांबवलेली जोडणी त्याहून आखूड असली तरी दगा देते.

फोटो निम्मे येतात आणि मग सगळं गप्प, असं होत असेल तर लॅपटॉप वीज वाचवायला पोर्ट झोपवतोय का ते पाहा. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, मग चेंज प्लॅन सेटिंग्ज, चेंज अॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज, यूएसबी सेटिंग्ज या वाटेने 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' डिसेबल करा. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसतच नाही. तिथे डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली, कंप्युटरला ते उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूण काढा.

कॅमेऱ्याची बॅटरी निम्म्याहून जास्त असावी. 'ऑटो पॉवर ऑफ' ३० सेकंद किंवा १ मिनिटावर असेल तर फोटो उतरवेपर्यंत तो वेळ वाढवून ठेवा. टाइप सी जॅकच्या कॅमेऱ्यांत आणखी एक गंमत आहे: कॅमेरा बंद असताना केबल लावली तर तो चार्जिंगला लागतो, आणि माणूस दिवा बघून 'जोडलाय की' म्हणतो. फोटो हवे असतील तर कॅमेरा चालू पाहिजे.

मोड: खरा गोंधळ इथे

कॅमेरा कंप्युटरशी दोन तऱ्हेने बोलतो. पहिल्या तऱ्हेत, म्हणजे 'मास स्टोरेज'मध्ये, कार्ड पेन ड्राइव्हसारखं दिसतं. त्याला ई किंवा एफ असं ड्राइव्हचं अक्षर मिळतं, फोल्डर उघडतात, कुठलंही सॉफ्टवेअर ते वाचू शकतं. दुसऱ्या तऱ्हेत, पीटीपी किंवा एमटीपीमध्ये, कंप्युटरला कार्ड थेट दिसत नाही. कॅमेरा स्वतः मध्ये बसतो आणि मागितलेला फोटो काढून देतो. इथे ड्राइव्हचं अक्षर नसतं. 'धिस पीसी'मध्ये कॅमेऱ्याच्या नावाचं वेगळं चित्र येतं. 'ई ड्राइव्ह येत नाही' म्हणून हैराण झालेल्यांचा कॅमेरा कित्येकदा तिथेच खाली दिसत असतो. डिलीट झालेले फोटो परत आणणारी सॉफ्टवेअर पीटीपीवर चालत नाहीत, तेही याच कारणाने. त्यांना कार्ड थेट लागतं.

कॅननचे ईओएस कॅमेरे पीटीपीच वापरतात, तिथे निवडीचा प्रश्न नाही. निकॉनच्या डी७०, डी८० अशा जुन्या कॅमेऱ्यांत सेटअप मेनूत 'यूएसबी' नावाखाली दोन्ही पर्याय होते. फुजीच्या एक्स मालिकेत 'यूएसबी कार्ड रीडर' निवडावं लागतं. टेदर (कंप्युटरवरून कॅमेरा चालवणं) किंवा रॉ कन्व्हर्जन (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलींचे फोटो बनवणं) यांचा पर्याय चालू राहिला तर फोटो दिसणार नाहीत. पॅनासॉनिक केबल लावल्यावर विचारतो, तिथे 'पीसी' आणि स्टोरेजचा पर्याय घ्या. 'पिक्टब्रिज' प्रिंटरसाठी आहे.

सोनीकडे लक्ष द्या. मेनूत 'यूएसबी कनेक्शन' खाली ऑटो, मास स्टोरेज, एमटीपी आणि पीसी रिमोट असे पर्याय असतात. २०२० मध्ये घरून काम सुरू झाल्यावर सोनीने कॅमेरा वेबकॅम म्हणून वापरायचं सॉफ्टवेअर दिलं, आणि त्यासाठी 'पीसी रिमोट' लावावं लागत होतं. कितीतरी कॅमेरे तेव्हापासून त्याच मोडवर अडकलेत. मीटिंग संपली, सेटिंग राहिलं. कॅमेरा जोडल्याचा आवाज येतो, नावही दिसतं, फोल्डर मात्र रिकामं. सोनी असेल तर सगळ्यात आधी हेच बघा आणि 'मास स्टोरेज' लावा.

कॅननच्या बाबतीत तसंच खटकणारं सेटिंग म्हणजे वायफाय. ६डी, ७०डी यांसारख्या वायफाय असलेल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत वायफाय 'इनेबल' असताना केबलची जोडणी चालत नाही. मोबाइलवर दोन फोटो घ्यायला वायफाय चालू केलं, नंतर बंद करायचं राहिलं, आणि दोन आठवड्यांनी केबल 'बिघडली'. मेनूत जाऊन वायफाय डिसेबल करा, केबल काढून पुन्हा लावा.

कुणीतरी आधीच धरून ठेवलंय

पीटीपीमध्ये कॅमेऱ्याशी एका वेळी एकच प्रोग्राम बोलू शकतो. कॅननचं ईओएस यूटिलिटी बसवलेलं असेल तर त्याचा लाँचर खाली घड्याळाजवळ लपून बसलेला असतो आणि कॅमेरा लागला रे लागला की झडप घालतो. मग फाइल एक्सप्लोररला किंवा फोटो संपादनाच्या लाइटरूमला काही मिळत नाही. लाइटरूमची इम्पोर्ट खिडकी उघडी असेल तर उलट घडतं. एक ठरवा, बाकीचे बंद करा. लिनक्सवरही हेच दुखणं आहे: डेस्कटॉप स्वतःहून कॅमेरा माउंट करतो आणि जीफोटो२ हे फोटो उतरवणारं सॉफ्टवेअर 'उपकरण ताब्यात घेता येत नाही' म्हणून ओरडतं. फाइल मॅनेजरमधून कॅमेरा अनमाउंट करा, की चालतं.

कार्डात हजारो फोटो असतील तर पीटीपी एकेका फोटोची माहिती विचारत जातो. फोल्डर मिनिट-दोन मिनिटं रिकामं दिसतं आणि वरची हिरवी पट्टी सरकत राहते. तेवढ्यात केबल उपटली की पुन्हा पहिल्यापासून. चहा घेऊन या.

आता ड्रायव्हर

वरचं सगळं झालं आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेऱ्यापुढे पिवळा त्रिकोण असेल तरच इथे या. त्रिकोणावर डबल क्लिक केलं की कोड दिसतो. कोड ४३ आणि सोबत 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' असं असेल तर परत केबल आणि पोर्टकडेच जा, ते ड्रायव्हरचं दुखणं बहुधा नसतं. कोड १० किंवा २८ असेल तर पुढचं करा.

कॅमेरा जोडलेला ठेवून 'व्ह्यू' मेनूतून 'शो हिडन डिव्हायसेस' निवडा. 'पोर्टेबल डिव्हायसेस' आणि 'इमेजिंग डिव्हायसेस' या दोन गटांत कॅमेऱ्याच्या नावाच्या जितक्या नोंदी असतील तितक्या राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करा. फिकट दिसणाऱ्या त्या जुन्या जोडण्या, त्याही काढा. कॅमेरा बंद करून केबल काढा, कंप्युटर रीस्टार्ट करा, आणि हबशिवाय, वेगळ्या पोर्टला जोडा. विंडोज ड्रायव्हर स्वतः बसवेल. तरी त्रिकोण राहिला तर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, मग कंप्युटरमध्येच शोधायचा पर्याय, मग 'लेट मी पिक' आणि त्या यादीतून 'एमटीपी यूएसबी डिव्हाइस'.

यादीत एमटीपी नावच नाही? विंडोजची 'एन' आवृत्ती असण्याची शक्यता आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट इथे आवृत्तीचं नाव वाचा. त्याच्या शेवटी 'एन' असेल तर त्या विंडोजमध्ये मीडियाचे भाग मुळातच दिलेले नसतात. ऑप्शनल फीचर्समधून 'मीडिया फीचर पॅक' घाला आणि रीस्टार्ट करा. परदेशातून, मुख्यतः युरोपातून आणलेल्या लॅपटॉपवर हे आढळतं.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात: पीटीपी कॅमेरा फाइंडरमध्ये दिसत नाही, तो दिसायचाही नाही. 'इमेज कॅप्चर' उघडा. अॅपलच्या स्वतःच्या चिपवरच्या लॅपटॉपवर व्हेंच्युरापासून पुढे, नवं उपकरण जोडायला परवानगी मागणारी खिडकी येते. ती घाईत नाकारली गेली असेल तर केबल काढून पुन्हा लावा.

फोटो आलेत, पण 'दिसत' नाहीत

कॅमेरा फोटो ठेवतो त्या डीसीआयएम फोल्डरमध्ये फाइली आहेत पण चित्राऐवजी पांढरा कागद दिसतो, म्हणजे त्या रॉ फाइली आहेत: कॅननच्या सीआर२, सीआर३, निकॉनच्या एनईएफ, सोनीच्या एआरडब्ल्यू. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं 'रॉ इमेज एक्स्टेन्शन' मोफत आहे, त्याने बऱ्याच कॅमेऱ्यांची चित्रं दिसू लागतात.

सोनीचे व्हिडिओ डीसीआयएममध्ये शोधू नका. एक्सएव्हीसी एस या व्हिडिओच्या प्रकारात चित्रित केलेले 'प्रायव्हेट' फोल्डरमधल्या 'एम४रूट'च्या 'क्लिप'मध्ये असतात, आणि एव्हीसीएचडीतले 'प्रायव्हेट', 'एव्हीसीएचडी', 'बीडीएमव्ही', 'स्ट्रीम' इतके आत. लग्नाचा कार्यक्रम आटोपून फक्त डीसीआयएम कॉपी करून कार्ड फॉरमॅट केलं की सप्तपदीचा व्हिडिओ गेला. म्हणून फोल्डर निवडून नव्हे, अख्खं कार्ड कॉपी करायची सवय ठेवा.

कार्ड रीडर

सरळ सांगायचं तर महिन्यातून एकदाहून जास्त फोटो उतरवणाऱ्याने केबलचा नाद सोडावा. यूएसबी २ च्या जॅकमधून प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबी मिळाले तरी खूप, अनेक कॅमेऱ्यांत त्याहूनही कमी. ३० एमबी धरले तर ३२ जीबीचं भरलेलं कार्ड रिकामं व्हायला १८ मिनिटं लागतात. यूएसबी ३ चा रीडर आणि बऱ्यापैकी यूएचएस-१ (वेगवान प्रकारचं) कार्ड असेल तर त्याचा निम्म्याहून कमी वेळ, आणि कॅमेऱ्याची बॅटरी व जॅक दोन्ही वाचतात.

रीडरचेही नखरे आहेत. ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी कार्डं फॅट३२ या फाइली साठवण्याच्या पद्धतीत असतात, ६४ जीबीपासूनची एसडीएक्ससी एक्सफॅटमध्ये. जुना रीडर किंवा जुन्या लॅपटॉपची खाच ६४ चं कार्ड ओळखत नाही, तो दोष कार्डाचा नाही. कार्डाच्या डाव्या कडेची पिवळसर किंवा पांढरी पट्टी 'लॉक'वर असली तरी फोटो कॉपी होतात. फक्त कट किंवा डिलीट होत नाहीत, म्हणून उतरवताना मुद्दाम लॉक करून घालावं. कोकणातल्या पावसाळ्यात कार्डाच्या सोनेरी पट्ट्या मळकट होतात आणि कार्ड कधी लागतं, कधी नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब मऊ कापडावर घेऊन पुसा, वाळू द्या. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डाच्या ५० पिना रीडरमध्येच असतात. ते तिरकं ढकललं की पीन वाकते, त्यामुळे अडकलं तर जोर लावू नका, आत टॉर्च मारून बघा.

रीडर जोडल्याचा आवाज येतो पण ड्राइव्ह दिसत नाही, तर डिस्क मॅनेजमेंट उघडा. कार्ड तिथे दिसलं आणि त्याला अक्षर नसेल तर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर' मधून द्या.

कॉपी करा, कट नको. कट करताना मध्येच जोडणी तुटली तर फाइल धड इकडे नाही, धड तिकडे नाही. फाइलींची संख्या आणि एकूण आकार दोन्हीकडे जुळला की मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कंप्युटरवर नाही. कार्डावरच्या फाइलींची नावं कंप्युटरवरून बदलू नका. कॅमेरा चार अक्षरं आणि चार आकडे याच साच्यातली नावं ओळखतो, 'साखरपुडा १' असं नाव दिलेला फोटो त्याला दिसत नाही.

आणि विंडोजने 'हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल' असं म्हटलं तर 'कॅन्सल' दाबा. आधी तेच कार्ड दुसऱ्या, नव्या रीडरमध्ये आणि कॅमेऱ्यात घालून बघा. कॅमेऱ्यात फोटो दिसले तर केबलने उतरवून घ्या. तिथेही नाही दिसले तर कार्ड लॉक करा, त्यात नवीन एकही फोटो काढू नका आणि फोटोरेकसारखं मोफत सॉफ्टवेअर चालवा. परत मिळालेल्या फाइली त्याच कार्डावर नाही, हार्ड डिस्कवर साठवा. फोटोरेक मूळ नावं परत देत नाही, त्यामुळे शेकडो फाइली आकड्यांच्या नावाने येतील. त्या तारखेनुसार लावण्यासाठी फोटोच्या आत नोंदलेली वेळ वापरावी लागते, फाइलवर दिसणारी तारीख नव्हे.